बऱ्हाणपूरचा खानखानान आणि डोंगरपायथ्याचे पाणी

बऱ्हाणपूरच्या रेल्वे स्थानकावरून लालबागमार्गे जुन्या शहरात शिरताना शनवारा लागतो. पुण्याच्या पेठांप्रमाणे या शहरातही वारांच्या नावाच्या वस्त्या आहेत: शनवारा, इतवारा, बुधवारा. शनवाऱ्याचा दरवाजा ज्या तटबंदीत उभा आहे, ती तटबंदी निजामुल्मुल्क असफजाहने १७३१ साली बांधविली. तट उभा राहिला तेव्हा या शहराला सातपुड्याचे पाणी जमिनीखालून मिळू लागून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. ते पाणी ज्याच्या सुभेदारीत आले, तो अब्दुर्रहीम खानखानान. हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून आपल्यापर्यंत पोहोचलेला रहीम तो हाच. गोव्यातील शाळांतून हिंदी शिकलेल्या प्रत्येकाने त्याचे दोहे पाठ केलेले असतात. परंतु दोहे लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्याची सुमारे तीस वर्षे दख्खनच्या मोहिमेत आणि त्यातील बराच काळ तापीकाठच्या या शहरात घालविला, हे सहसा कोणी सांगत नाही.

अब्दुर्रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरला झाला. पानिपतची दुसरी लढाई होऊन तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. वडील बैरामखान हे बाल अकबराचे पालक व सेनापती, आई मेवातच्या घराण्यातील. बैरामखानाची सत्ता फार टिकली नाही. अकबराने कारभार हाती घेतला, बैरामखानाने बंड केले, ते फसले आणि त्याला मक्केच्या यात्रेस जाण्याची मुभा मिळाली. गुजरातेत पाटण येथे सहस्रलिंग तलावावर नौकाविहार करून परतत असताना जानेवारी १५६१ मध्ये एका अफगाण टोळीने जुन्या वैरापायी त्याचा खून केला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला कसेबसे वाचवून आग्र्याला आणण्यात आले. अकबराने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. बंडखोर सरदाराच्या मुलाला मायेने वाढविणे ही गोष्ट त्या काळच्या राजकारणात सोपी नव्हती आणि अकबराच्या मोठेपणात ती मोजली पाहिजे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे चढत्या भाग्याची होती. अकबराच्या दूधभावाची, मिर्झा अझीझ कोकाची बहीण माहबानू ही त्याची पत्नी झाली. वयाच्या विशीत गुजरातची सुभेदारी आणि पुढे शाहजादा सलीमचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. जानेवारी १५८४ मध्ये अहमदाबादजवळ सरखेज येथे त्याने गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशहा याचा पराभव केला. शत्रूची फौज कितीतरी मोठी होती आणि कुमक येईपर्यंत थांबावे असा सल्ला अनेकांनी दिला होता. त्याने थांबण्याचे नाकारले. या विजयानंतर त्याला खानखानान हा किताब मिळाला. एके काळी तो त्याच्या वडिलांचा होता.

१५८९ मध्ये त्याने बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत उतरवून अकबराला सादर केले. या ग्रंथात हिंदुस्थानविषयी बाबराची एक तक्रार आहे: येथील बागांत व घरांत वाहते पाणी नाही. मध्य आशियातील पाटांच्या, कारंज्यांच्या बागांत वाढलेल्या माणसाची ती खंत होती आणि ती घालविण्यासाठी बाबराने आग्र्यात स्वतः बागा आखल्या. हा मजकूर शब्दाशब्दाने भाषांतरित करणाऱ्या माणसाच्या मनात काय उमटले असेल, याचा तर्क करण्यापेक्षा पुढे त्याने काय केले ते पाहावे.

सिंधची मोहीम आटोपल्यावर १५९५ मध्ये त्याची रवानगी दख्खनला झाली. येथून त्याचे चरित्र मराठी मुलखाच्या इतिहासात मिसळते. अहमदनगरला चांदबीबीने किल्ला लढविला तो याच मोहिमेत. शाहजादा मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते, त्यामुळे वेढा अर्धवट राहिला आणि वऱ्हाड घेऊन तह झाला. १५९७ च्या फेब्रुवारीत गोदावरीकाठी आष्टी येथे विजापूरच्या सुहेलखानाशी त्याची मोठी लढाई झाली. या लढाईत खानदेशचा सुलतान राजा अलीखान फारूकी मोगलांच्या बाजूने लढताना पडला. बऱ्हाणपूरची जामा मशीद बांधविणारा आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविणारा तो हाच सुलतान. त्याच्या मुलाने पुढे अकबराशी बिघाड केला. अकबर स्वतः चालून आला, असीरगडाला वेढा पडला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड शरण आला. दोनशे वर्षांची फारूकी सत्ता संपली. बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन सुभ्याची राजधानी झाले.

राजधानी होणे म्हणजे शहरावर माणसांचे ओझे पडणे. सुभेदाराची हवेली, शाहजाद्याचा लवाजमा, हजारो स्वार, घोडे, हत्ती, उंट, त्यांच्यामागे येणारे बाजारबुणगे, शिवाय उत्तरेतून दख्खनला आणि दख्खनमधून सुरतेला जाणारा सगळा व्यापारी राबता. येथे विणकर, रंगारी, जरीचे कारागीर होतेच. खानखानानच्या आश्रयाने त्यांची संख्या वाढली. कापड रंगवायला आणि धुवायला पाणी लागते. तापी बारमाही होती खरी, परंतु पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ होते, उन्हाळ्यात पात्र खोल जाते आणि शहर काठापासून उंचावर आहे. युद्धाच्या दिवसांत शत्रू नदीचे पाणी नासवील ही भीती होती, असेही कारण परंपरेने सांगितले जाते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे थांबला होता. शाहजाद्याचा वाडा, खानखानानची हवेली आणि आणखी काही मोजकी घरे सोडली तर हे सगळे मोठे शहर मातीच्या झोपड्यांचे आहे, अशी नोंद त्याने केली आहे. त्याने पाहिले ते जमिनीवरचे शहर. त्याच वर्षी जमिनीखाली वेगळेच काम चालले होते.

तत्पूर्वीची पाच-सहा वर्षे खानखानानसाठी वाईट गेली होती. शाहजादा दानियाल हा त्याचा जावई. त्याच्या दारूवर पहारा ठेवूनही तो १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच दारूने गेला. त्याच वर्षी अकबरही गेला. १६१० मध्ये जहांगीरच्या हुकमाने केलेली मोहीम मलिक अंबरच्या गनिमी काव्यापुढे कोसळली, अहमदनगरचा किल्ला हातचा गेला, आणि दख्खनी सरदारांशी आतून संधान असल्याचा आरोप होऊन त्याला परत बोलावण्यात आले. त्याच्याजागी आलेल्यांची त्याहून वाईट फजिती झाली, तेव्हा १६१२ मध्ये जहांगीरला याच माणसाला पुन्हा दख्खनला पाठवावे लागले. बऱ्हाणपूरचे भूमिगत पाणी ही या दुसऱ्या कारकिर्दीतील गोष्ट आहे.

हे काम तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने केले, असे परंपरा सांगते. त्याने तापी खोऱ्याची आणि सातपुड्याच्या उतारांची पाहणी केली. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या रावेर-यावलपासून बऱ्हाणपूरपर्यंत, डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, वाळूचा आणि मातीचा एक जाड थर पसरलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस नाल्यांतून उतरतो आणि या थरावर आला की झपाट्याने जमिनीत मुरतो. तेथून तो जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत राहतो. शहर डोंगर आणि नदी यांच्यामध्ये आहे, म्हणजे हे पाणी शहराजवळूनच जात होते. ते नदीत मिसळण्याआधी वाटेत गाठावे, एवढीच युक्ती.

युक्ती एवढीच असली तरी काम फार कष्टाचे होते. पायथ्याशी पाणी सापडेल तेथे खोल विहीर खणली. तिच्या तळापासून शहराकडे अगदी थोड्या उताराचा बोगदा काढला. ठरावीक अंतरावर वरून उभ्या कुंड्या खणून त्या बोगद्याला जोडल्या. कुंड्यांतून माती वर काढता आली, कामगारांना हवा मिळाली आणि पुढे गाळ काढण्यासाठी उतरण्याची सोय झाली. कुंडी भंडारा म्हणून आज जो ओळखला जातो त्यात अशा शंभरावर कुंड्या आहेत आणि त्याची लांबी सुमारे चार किलोमीटर आहे. पाणी कोणत्याही मोटेशिवाय, रहाटाशिवाय, निव्वळ उताराने वाहते. बोगद्याचा उतार जास्त झाला तर पाणी भिंती खाते, कमी झाला तर गाळ साचतो. डोक्यावर पंचवीस मीटर जमीन असताना दिव्याच्या उजेडात हा उतार साधणाऱ्या खणकऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. शहरात हे पाणी जाळी करंज येथे येई आणि तेथून मातीच्या नळांनी वाटले जाई. करंज हा शब्द आपल्या कारंज्याच्याच घरातला. लोक या भंडाऱ्याला खूनी भंडाराही म्हणतात. पाण्यातील लालसर क्षारांमुळे ते नाव पडले असे कोणी सांगतात, कुंडीचा अपभ्रंश आहे असे कोणी.

असे एकूण आठ भंडारे या शहरासाठी झाले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांपैकी काहींची नावे. चिंताहरण हे नाव ज्याने ठेवले त्याला पाण्याची काळजी म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे.

ज्या इराणी परंपरेतून ही विद्या आली, तिच्यात खणण्याच्या कौशल्याबरोबरच एक कायदाही होता. इराणात अशा भूमिगत पाटाला कनात म्हणतात. कनातीभोवती एक मर्यादा आखलेली असते, तिला हरीम हे नाव. हरीमच्या आत दुसऱ्या कोणी विहीर खणू नये, पाणी ओढून घेणारे काही करू नये, असा दंडक. नवव्या शतकात खुरासानचा अधिपती अब्दुल्ला इब्न ताहिर याच्या काळी कनातींचे तंटे इतके वाढले की त्याने धर्मशास्त्रज्ञांना बोलावून त्यांचे स्वतंत्र नियमपुस्तक करविले. या शास्त्रातला बारकावा असा की हरीमचे अंतर सर्वत्र सारखे नसते. जमीन घट्ट असेल तर ते कमी, मऊ आणि भुसभुशीत असेल तर दुप्पट, कारण मऊ जमिनीतून पाणी दुरूनही ओढले जाते. मालकी कोणाची आहे याआधी जमीन कोणत्या जातीची आहे हे विचारणारा हा कायदा होता. आज आपण ज्याला विभागवार भूवापर म्हणतो, त्याचे हे एक जुने आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक रूप आहे. नकाशावरचा रंग बदलला म्हणून जमिनीचा पोत बदलत नाही, ही साधी गोष्ट त्या नियमकर्त्यांना मान्य होती.

बऱ्हाणपूरच्या मांडणीतही हाच विचार दिसतो. पाण्याचे उगम डोंगराकडे, वस्तीच्या वरच्या अंगाला. वस्ती खालच्या अंगाला, नदीकडे. मधल्या पट्ट्यात लालबागसारख्या बागा आणि शेते. कुंड्यांची तोंडे जमिनीपासून उंच बांधून काढलेली, म्हणजे पावसाचे घाण पाणी आत शिरू नये. घाण वरच्या बाजूस जाऊ नये आणि पाणी खालच्या बाजूने घेऊ नये, एवढ्या एका सूत्रावर दोन-तीन लाख माणसांचेही शहर चालू शकते.

याच काळात आपल्या गोव्यात काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. मांडवीकाठचे जुने गोवे तेव्हा पूर्वेकडील सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक होते. चर्चच्या भव्यतेत त्याने बऱ्हाणपूरला कधीच मागे टाकले होते. परंतु सच्छिद्र जांभ्या दगडाच्या जमिनीवर विहिरी आणि संडासांचे खड्डे एकमेकांशेजारी खणले गेले, घाण पाण्यात मिसळली आणि साथींमागून साथी आल्या. चांगले पिण्याचे पाणी बायंगिणीच्या झरीवरून आणावे लागे. लोक मरत गेले, उरलेले सोडून गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलविले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्याच्या ऱ्हासाला इतरही कारणे होती, पण जांभ्याचा स्वभाव न ओळखता खड्डे खणणे हे त्यांतील एक मोठे कारण होते. एका शहराने जमीन ओळखली, दुसऱ्याने ओळखली नाही.

खानखानानचा गौरव करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हे पाणी प्रथम लष्करी छावणीसाठी आले. त्या छावणीतून निघालेल्या फौजांनी वऱ्हाड, नगर, जालना हा सगळा मराठी मुलूख वर्षानुवर्षे तुडविला. फेब्रुवारी १६१६ मध्ये खानखानानचा थोरला मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव केला आणि त्याची राजधानी खडकी जाळली. लखुजी जाधवांसारखे मराठे सरदार त्या वेळी मोगलांकडे आले होते. गावे उजाड होत होती. एका हाताने पाणी आणणारा आणि दुसऱ्या हाताने मुलूख बेचिराख करणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या दोह्यांतील नम्रतेने हा हिशेब मिटत नाही.

पण इतिहासाची गंमत पाहा. जळालेल्या खडकीत मलिक अंबर परतला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्याने तेथे नहर-ए-अंबरी खणविली. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. ती नहरही जमिनीखालची, तीही डोंगराचे पाणी उताराने शहरात आणणारी. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर आणि मोगल दरबारात वाढलेला रहीम आयुष्यभर एकमेकांशी लढले आणि दोघांनी दोन-तीन वर्षांच्या अंतराने आपापल्या शहराखाली जवळजवळ एकच वास्तू उभी केली. दख्खनच्या पठारावर मोठे शहर वसवायचे तर दुसरा मार्ग नव्हता, हे दोघांनाही कळले होते.

शत्रूच्या या जोडीचा शेवटचा मोठा सामना बऱ्हाणपुरातच झाला. १६२० मध्ये अंबरच्या फौजांनी, त्यांतील मराठी पथकांनी, मोगलांना रेटत बऱ्हाणपूरपर्यंत आणले आणि शहराला वेढा घातला. भोवतालचा मुलूख लुटला गेला. काही तुकड्या नर्मदा ओलांडून माळव्यातही शिरल्या. आत अडकलेल्या खानखानानने जहांगीरला निर्वाणीचे निरोप धाडले. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, मोठी फौज घेऊन आला तेव्हा शहर मोकळे झाले. नदीकाठ शत्रूच्या टप्प्यात असताना जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचे मोल त्या महिन्यांत शहराला नक्कीच कळले असेल.

वेढ्याआधीच खानखानानच्या घरावर आघात झाले होते. १६१९ मध्ये शाहनवाजखान अति मद्यपानाने गेला. त्याची काळ्या दगडाची कबर उतावळी नदीच्या काठी आहे. लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. त्याच सुमारास दुसरा मुलगा रहमानदादही गेला. १६२२ नंतर शहाजहानने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा खानखानान आधी त्याच्याबरोबर गेला, मग दोन्हीकडे झुलला आणि अखेर दोन्ही बाजूंचा विश्वास गमावून बसला. वयाच्या पासष्टीनंतर असा घोटाळा का केला, याचे समाधानकारक उत्तर त्याच्या चरित्रकारांना देता आलेले नाही. मला वाटते, तीस वर्षे दख्खनमध्ये राहून तो दिल्लीपेक्षा बऱ्हाणपूरचा अधिक झाला होता, आणि बऱ्हाणपूर त्या वेळी शहाजहानच्या हाती होते. या भानगडीत त्याचा मुलगा दाराबखान मारला गेला. महाबतखानाने त्याचे शीर झाकलेल्या थाळीत, टरबूज आहे असे सांगून बापाकडे पाठविले, अशी कथा आहे.

जहांगीरने १६२५ मध्ये त्याला क्षमा केली आणि किताब परत दिला. दोनच वर्षांनी, १६२७ मध्ये, सत्तरी ओलांडून तो गेला. दिल्लीत निजामुद्दीनजवळ पत्नी माहबानूसाठी त्याने १५९८ च्या सुमारास जो मकबरा बांधविला होता, त्यातच त्याला पुरण्यात आले. पत्नीसाठी बांधलेला मोगल काळातील हा पहिला भव्य मकबरा मानला जातो. त्यालाही पुढे ग्रहण लागले. अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी याचे संगमरवर उचकटून नेले गेले. अलीकडे त्याचे जतन झाले आणि २०२० मध्ये ते काम पूर्ण झाले.

कवी म्हणून तो फारसी, तुर्की, अरबी, संस्कृत आणि व्रज या भाषांत वावरत होता. त्याच्या आश्रयाने बऱ्हाणपुरात मोठे ग्रंथालय आणि चित्रशाळा चालली. अब्दुल बाकी नहावंदी या इराणी लेखकाने १६१६ मध्ये त्याचे प्रचंड चरित्र लिहिले. दानशूरतेच्या आख्यायिका तर अगणित आहेत. त्याच्या एका प्रसिद्ध दोह्यात पाणी हा एकच शब्द मोत्याचे तेज, माणसाची अब्रू आणि प्रत्यक्ष पाणी अशा तीन अर्थांनी येतो. या शहरात कोणीही तो दोहा म्हणतो तेव्हा तिसरा अर्थ फक्त अलंकारापुरता राहत नाही.

बऱ्हाणपूर त्याच्यानंतरही अनेकांच्या हाती गेले. १६३१ मध्ये मुमताज महल येथेच वारली. १६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने शहराबाहेरचे बहादुरपुरा लुटले. निजाम आला, उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांकडे आले, मग शिंदे, मग इंग्रज. या सगळ्यांनी खानखानानचेच पाणी प्यायले. मातीच्या नळांची जागा लोखंडी नळांनी घेतली, तरी उगम तोच राहिला.

आता उगमच अडचणीत आहे. बऱ्हाणपूर हे केळीचे गाव. केळीला पाणी भरपूर लागते आणि ते कूपनलिकांतून येते. पायथ्याच्या थरातील पाण्याची पातळी खाली गेली की बोगदा कोरडा पडतो, कारण त्याचा उतार चारशे वर्षांपूर्वीच्या पातळीशी बांधलेला आहे. बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचून वाट अरुंद होत चालली आहे. वरच्या अंगाला शहर पसरते आहे. केंद्राच्या संरक्षित वास्तूंभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. हा नियम दगडी वास्तूसाठी पुरेसा आहे. भंडाऱ्याच्या बाबतीत जपायचा असतो तो डोंगरापासून शहरापर्यंतचा सगळा उतार, आणि वर्तुळ आखून तो राखता येत नाही. मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आणि २०१२ चे भूमी विकास नियम आहेत. मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल मुरविण्याची सक्तीही आहे. पण एखाद्या घराच्या छतावरचे पाणी मुरविणे आणि एका संपूर्ण मुरण-पट्ट्यात बांधकाम व कूपनलिका रोखणे यांत फार अंतर आहे.

आपल्याकडे हा मुद्दा नवा नाही. गोव्याच्या २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात भातशेती, खाजने आणि पाणवठे पर्यावरणीय क्षेत्रांत घातले गेले, ते याच विचाराने. त्या आराखड्याच्या कृतिदलात चार्ल्स कोरिया होते. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ वरून गेली दोन-तीन वर्षे जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी प्रश्न हाच आहे की एखाद्या तुकड्याचा रंग अर्जावरून बदलता येतो का. खुरासानच्या काझीने त्या अर्जदाराला आधी विचारले असते की त्याची जमीन घट्ट आहे की मऊ.

मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. पावसाळ्याचे पाणी सातपुड्याच्या त्याच पायथ्याच्या थरात मुरविणे हा तिचा गाभा आहे. त्याआधी, २०२४ मध्ये, हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आला. या यादीतून पुढे जाण्यासाठी राज्याला सविस्तर प्रस्ताव द्यावा लागतो आणि त्यासोबत एक नकाशा. त्यावर वास्तूची हद्द दाखवायची असते आणि तिच्याभोवतीचा संरक्षक पट्टाही. बऱ्हाणपूरचा तो नकाशा करणाऱ्यांना ठरवावे लागेल, की पट्ट्याची रेघ शेवटच्या कुंडीपाशी थांबवायची, की लालबागेच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गोट्यांच्या जमिनीपर्यंत न्यायची.